दिव्यांगांचा ५ टक्के निधी: ग्रामसभेला जाण्याआधीची तयारी

गावोगावी दिव्यांगांच्या ५ टक्के निधीचं वाटप बहुतेक वेळा मार्चअखेरीस, घाईघाईत उरकलं जातं. जमलेल्या रकमेला यादीतल्या नावांनी भागायचं आणि प्रत्येकाच्या खात्यात सारखी रक्कम टाकायची. ज्याचं काठीवर भागतं त्यालाही तेवढेच, आणि ज्याला कूस बदलायलाही दुसरा माणूस लागतो त्यालाही तेवढेच. अंदाजपत्रक तयार होत होतं तेव्हा कोणाला नेमकं काय लागतं याचा एकही कागद ग्रामपंचायतीत पोचलेला नसतो, मग सारखं वाटणं हाच कमीत कमी भांडणाचा मार्ग उरतो. तो कागद कधी द्यायचा, त्यात काय लिहायचं आणि तो ठरावापर्यंत कसा न्यायचा, ते इथे सांगतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली गावं आणि पाडे डोळ्यांपुढे ठेवले आहेत. महापालिका आणि नगरपालिकांनाही दिव्यांगांसाठी निधी राखून ठेवावा लागतो. तिथे ग्रामसभा नसते, अर्ज थेट कार्यालयात द्यायचा, पण गरज लिहून काढायची रीत तीच.

आधी पैसा किती ते काढा

हे ५ टक्के ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे असतात. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराची वसुली, गाळ्यांचं भाडं असं गावातून जमणारं ते स्व-उत्पन्न. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं, २०१८ च्या शासन निर्णयाने ५ झालं. वित्त आयोगाचा पैसा यात धरला जात नाही. पेसा क्षेत्रातल्या गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे), म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडे किंवा साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात, अजून एक गोंधळ होतो. तिथे आदिवासी उपयोजनेतून येणाऱ्या अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीलाही लोक ‘५ टक्के’च म्हणतात. तो पैसा वेगळा, त्याचा हिशेब वेगळा. सभेत बोलताना ‘दिव्यांगांचा, स्व-उत्पन्नातला ५ टक्के’ असं पूर्ण म्हणा, नाहीतर उत्तर भलत्याच निधीचं मिळतं.

आता हिशेब. समजा अंदाजपत्रकात स्व-उत्पन्न ८ लाख धरलंय. त्याचे ५ टक्के ४० हजार. पण पट्टीची वसुली ६० टक्केच झाली तर जमा होतात ४ लाख ८० हजार, आणि दिव्यांगांच्या वाट्याला २४ हजार. म्हणून मागणी अंदाजपत्रकाच्या आकड्यावर उभी करू नका. गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा किती, त्याचे ५ टक्के किती, त्यातले खर्च किती आणि शिल्लक किती, हे चार आकडे ग्रामसेवकांकडून घ्या (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय). अंदाजपत्रक नमुना १ मध्ये असतं, रोजची जमा आणि खर्च नमुना ५ च्या रोकडवहीत. तोंडी विचारून मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून वरचे चार प्रश्नच लिहा, तक्रार त्यात मिसळू नका. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेवढे हाताशी ठेवा.

आकडे हाती आले की एक गोष्ट लगेच दिसते: २४ किंवा ४० हजारांत सगळं बसत नाही. म्हणून कोणती गरज कोणत्या पैशातून, हे आधी वेगळं करा. व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राच्या एडिप योजनेत एलिम्को या साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची शिबिरं होतात, जिल्हा परिषदेचाही स्वतंत्र दिव्यांग निधी असतो. शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालयाचा उतार, सार्वजनिक शौचालय ही कामं गावाच्या विकास आराखड्यात घालायची. संजय गांधी निराधार योजनेचं दरमहाचं अनुदान तहसीलमधून येतं, त्याच्यावर ग्रामसभेत वेळ घालवू नका. ग्रामपंचायतीचा हा लहान निधी राखून ठेवावा तो दुसरं कोणी देत नाही अशा गोष्टींसाठी: अंथरुणाला खिळलेल्यांचे डायपर, जखमा टाळणारी उशी किंवा हवेची गादी, कमोडची खुर्ची, घरातल्या शौचालयाला पकडायची दांडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, तपासणीला जायचा खर्च. अर्जात हे ‘सहाय्यभूत साधन’ किंवा ‘औषधोपचारासाठी अर्थसाहाय्य’ या शब्दांत मागितलं की लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबातल्या खर्चाच्या सदरात, बसवायला सोपं जातं.

कागद कधी द्यायचा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण त्या वर्षाचं अंदाजपत्रक आधीच्या हिवाळ्यातच आकार घेतं. विकास आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून चालते. म्हणून पुढच्या वर्षाची मागणी सप्टेंबरमध्ये तयार आणि ऑक्टोबरच्या सभेआधी दाखल झालेली हवी. २६ जानेवारीपर्यंत आकडे बरेचसे बसलेले असतात. त्या सभेत नवी मागणी घुसवणं अवघड जातं, मात्र आधी दिलेली मागणी अंदाजपत्रकात आली की नाही ते विचारायला ती सभा योग्य. सातपुड्याच्या पाड्यांवर तर ऑक्टोबर चुकवूच नका. दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला, गुजरातेत कामाला निघून जातात. जानेवारीत घरी म्हातारी माणसं आणि तेच दिव्यांग उरतात, बोलणारं कोणी नसतं.

कागदपत्रं

वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधार, शिधापत्रिका, बँक पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. यूडीआयडीवरची पट्टी पाहून टक्केवारीचा गट कळतो: पांढरी ४० टक्क्यांच्या खाली, पिवळी ४० ते ८० च्या आत, निळी ८० आणि पुढे. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. कागद अडतो तो नेहमी तीन ठिकाणी. आधारवर आणि यूडीआयडीवर नाव वेगळं असतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असतं आणि त्याची मुदत संपलेली असते, विशेषतः लहान मुलांचं. नाहीतर खातं बंद पडलेलं असतं, किंवा आधारशी जोडलेलं नसतं. सभेच्या महिनाभर आधी हे तिन्ही तपासा, कारण दुरुस्तीला तेवढा वेळ जातोच.

कार्डच नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून तपासणीसाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. कोणत्या प्रकारच्या तपासणीचा वार कोणता ते आधी विचारून घ्या. डोळ्यांच्या वारी हाडांचे डॉक्टर भेटले नाहीत म्हणून धडगावहून आलेलं माणूस परत फिरणं फार वाईट. कार्ड हातात येईपर्यंत थांबू मात्र नका, अर्जाचा क्रमांक लावून मागणी दाखल करा.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही येतात. नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण असूनही गावाच्या दिव्यांग यादीत त्यांचं नाव सापडत नाही, कारण हातपाय धडधाकट दिसतात. आजार असलेला, नुसता वाहक नव्हे, माणूस प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकतो. यादी वाचताना हे नाव शोधा, नसेल तर घालायला लावा.

गरज लिहायची कशी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘आमच्या मुलाला मदत मिळावी’ या वाक्यावर कोणताही ग्रामसेवक रक्कम टाकू शकत नाही. सात दिवस एक वही ठेवा. सकाळी उठण्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणत्या कामाला कोणाची मदत लागली, किती वेळ, आणि कशामुळे काम अडलं, एवढंच लिहायचं. उदाहरणार्थ: ‘शौचाला नेणं, दिवसातून तीनदा, दोन माणसं, प्रत्येक वेळी २० मिनिटं, शौचालयाच्या दाराला ६ इंचांची पायरी.’ अशी एक ओळ वाचली की पायरी फोडून उतार आणि आत दांडी ही मागणी आपोआप समोर येते, आणि तिचा खर्चही गवंडी सांगू शकतो. आई वही लिहीत असेल तर ती स्वतःची कामं गाळते, सवयीचं झालेलं तिला मदत वाटतच नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, काकूने, मोठ्या भावाने, एक दिवस शेजारी बसून लिहावं.

मग प्रत्येक गरजेला परिमाण आणि किंमत. दिवसाला ३ डायपर म्हणजे महिन्याला ९०, दहाच्या पाकिटाने ९ पाकिटं, वर्षाला १०८. दर गावातल्या मेडिकलवर न विचारता जळगाव-धुळ्याच्या घाऊक दुकानातून लेखी घ्या, फरक पडतो. साधनांसाठी दोन-तीन दुकानांची दरपत्रकं जोडा. एकदाच लागणारं आणि दरमहा लागणारं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, कारण दरमहाचं पुढच्या वर्षीही अंदाजपत्रकात धरावं लागणार आहे.

साधनाची मापं घेतल्याशिवाय साधन मागू नका. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची १८ इंची बैठकीची व्हीलचेअर आली की मूल एका कुशीवर कलतं, पाठीचा कणा वाकतो, आणि दोन महिन्यांत खुर्चीवर धुणं वाळत पडतं. मुलाला सरळ बसवून कमरेखालची सगळ्यात रुंद जागा मोजा. बैठक त्याहून एक-दोन इंच जास्त, बस्स. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजून त्यातून दोन इंच वजा करा, ती बैठकीची खोली. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत मोजा, ती पायटेकणीची उंची. मान किंवा धड धरत नसेल तर ‘डोक्याला आधार आणि पट्टा’ हे शब्द मागणीत लिहाच, साध्या खुर्चीत ते नसतात. शेवटी घराच्या चौकटीची आतली रुंदी मोजा. मोठ्यांची खुर्ची बाहेरून बाहेर २५-२६ इंच भरते, आणि जुन्या मातीच्या घरांची दारं कधी कधी २४ इंचच निघतात. कणा दुखावून पाय बधिर झालेल्या माणसाला नुसती खुर्ची देणं धोक्याचं. त्वचेला कळत नाही आणि बसून बसून जखम होते. खुर्चीसोबत उशी मागायचीच, ती ऐच्छिक नाही.

पायडल हाताने मारायच्या सायकलला खांद्यात जोर हवा, आणि रस्ताही हवा. काळ्या जमिनीच्या गावात पावसाळ्याचे चार महिने ती चिखलात रुतून उभी राहते. तेव्हा तिची मागणी घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या तुकड्याच्या खडीकरणासोबत करा. श्रवणयंत्र मिळालेल्या मुलासाठी बॅटऱ्या (एक बॅटरी साधारण आठवडा ते दोन आठवडे चालते) आणि कान वाढेल तसा बदलायचा साचा, दोन्ही लिहा. अंध माणसाची पांढरी काठी उभ्या माणसाच्या छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत यावी. कमरेएवढी काठी आधाराला ठीक, पुढचा खड्डा ती वेळेवर सांगत नाही. आणि एडिपमधून साधन घेतलं असेल तर तारीख नोंदवा, मोठ्यांना साधारण तीन वर्षांच्या आत तेच साधन पुन्हा मिळत नाही.

उताराची मागणी

शाळेपुढे, ग्रामपंचायतीपुढे उतार बांधला म्हणून फोटो लागतात, आणि त्यावरून कोणी खुर्ची नेऊ शकत नाही. कारण चढ. नियम १ ला १२ चा: जोतं एक फूट उंच असेल तर उतार १२ फूट लांब, दीड फुटाला १८, दोन फुटांना २४. गावात जागा नाही म्हणून तो ६-८ फुटांत संपवतात. जागा खरंच नसेल तर मध्ये सपाट टप्पा करून उतार वळवता येतो, हे मागणीतच लिहा. रुंदी १२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ४ फूट. वर दारापुढे खुर्ची थांबेल एवढा सपाट भाग, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. दोन्ही बाजूंना दांड्या, आणि पृष्ठभाग खरखरीत सिमेंटचा. गुळगुळीत फरशीवर पहिल्या पावसात माणूस पडतो. उताराचं खालचं टोक गटारीत किंवा मुरुमाच्या ढिगात संपत नाही ना, तेही पाहा. मागणी ‘रॅम्प करावा’ अशी न लिहिता ‘जोत्याची उंची अमुक, म्हणून लांबी अमुक’ अशी लिहिली की अभियंत्याच्या अंदाजपत्रकात तीच लांबी येते.

अर्ज

एक पान पुरतं. नमुना असा:

‘प्रति, सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ____. विषय: सन ____ च्या अंदाजपत्रकात दिव्यांग ५ टक्के निधीतून तरतूद करणे व सदर विषय दि. ____ च्या ग्रामसभेच्या विषयसूचीत घेणे. अर्जदार: ____, यूडीआयडी क्र. ____, दिव्यांगत्व ____ टक्के. मागणी: १) ____, नग ____, दर ____, एकूण ____ (एकदाच). २) ____, दरमहा ____, वार्षिक ____. कारण: ____ (दोन ओळी). सोबत: ओळखपत्र, दरपत्रक, मापांचा कागद. मंजूर अथवा नामंजूर केल्यास कारणासह लेखी कळवावे.’

दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच परत या. शिक्का नसलेला अर्ज दिला न दिल्यासारखाच. एकेकट्याने देण्यापेक्षा गावातल्या पाच-सहा घरांनी आपापले अर्ज एकाच दिवशी द्यावेत आणि वर एक सामायिक यादी लावावी, तीत कोणाची गरज पहिली हे आपसात ठरवून क्रमाने लिहिलेलं असावं. हा क्रम घरांनी ठरवला नाही तर सभेत आवाज मोठा असलेला माणूस तो ठरवतो.

सभेचा दिवस

सूचना साधारण सात दिवस आधी निघते. ती लागल्याबरोबर विषयसूची वाचा. तुमचा विषय क्रमांकासह आहे का, की ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकललाय? ढकललेला विषय लोक उठून जायला लागल्यावर येतो. दिसला नाही तर त्याच दिवशी लेखी कळवा. महिलांची सभा आधी होते, तिथे आयांनी आणि दिव्यांग बायांनी हाच विषय मांडून घ्यावा. मुख्य सभेत निम्मं काम सोपं होतं. सभा माडीवर असेल तर तळमजल्यावर किंवा मारुतीच्या पारावर घ्यायला सांगा, उन्हाळ्यात १ मेची सभा सकाळी लवकर.

गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, पेसा क्षेत्राबाहेरच्या गावांत मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेत नवा विषय येत नाही. तुमचा विषय मूळ सूचीत असणं म्हणूनही महत्त्वाचं. हजेरीच्या वहीत सही सभा सुरू झाल्यावरच करा.

बोलायचं दोन मिनिटं, कागद हातात धरून: काय हवं, किती रुपये, कोणत्या निधीतून. अहिराणीत बोला, पावरीत बोला, जमेल तसं बोला, फक्त आकडे स्पष्ट सांगा. दिव्यांग माणसाला बोलता येत असेल तर त्यालाच बोलू द्या, घरच्यांनी मध्ये वाक्य तोडू नये. ‘सगळ्यांना सारखंच द्या, नाहीतर भांडणं होतील’ हे वाक्य येणारच. त्याला तयार उत्तर हवं: २४ हजार २० जणांत वाटले तर प्रत्येकी १२०० येतात, त्यात ना गादी येते ना दांडी. त्याऐवजी यावर्षी सामायिक यादीतल्या पहिल्या चार गरजा पुऱ्या करायच्या, उरलेल्यांचा क्रम ठरावातच पुढच्या वर्षासाठी लिहायचा. पुढच्या वर्षाचं नाव कागदावर दिसलं की माणूस थांबायला तयार होतो.

ठराव होताना सूचक आणि अनुमोदक तुमच्याकडचे ठेवा. त्यात पाच गोष्टी वाचून घ्या: नाव, वस्तू किंवा काम, रक्कम, लेखाशीर्ष, मुदत. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहून खाली कोरी जागा सोडली असेल तर तिथेच भरायला सांगा. इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात अर्ज करून घ्या.

नंतर

जानेवारीत अंदाजपत्रकात तरतूद दिसते का पाहा. एप्रिलनंतर दर तिमाहीला विचारा, मार्चची वाट पाहू नका. काम हललं नाही तर ठरावाची नक्कल आणि शिक्क्याचा अर्ज जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, आणि तिथेही दाद नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. घरकुलाच्या यादीसाठी २०१६ च्या कायद्याचं कलम ३७ वेगळं दाखवा: गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण, आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य.

साधन आलं की घेतल्याची सही करण्याआधी माणसाला त्यावर बसवा. पाय पायटेकणीवर टेकतात का, ब्रेक लागतो का, खुर्ची दारातून आत जाते का. माप चुकलं असेल तर त्याच पावतीवर ‘माप जुळत नाही, बदलून द्यावे’ असं लिहून सही करा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.